कोरड्या जिभेवरचा कलमा

जैबुन, आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सुईत दोरा ओवणं. दुसरं काय नाय.

जोहरची, दुपारची नमाज झाली होती. जून महिना, शाळा उघडायच्या, दुकानात पांढऱ्या शर्टांचा ढीग. तू खाली सतरंजीवर बसली होतीस, भिंतीला पाठ लावून, मांडीवर शर्ट. मी मशीनवर, तुझ्याकडं पाठ करून. मी वळून पाहिलं, तू सुई वर धरलेली. बोलली नाय. बोलायला पाणी लागायचं, म्हणून तू हातानंच जास्त बोलायचीस. मी दोऱ्याचं टोक जिभेवर घेतलं, ओलं केलं, दोन बोटांत चिमटून टोकदार केलं आणि तुझ्या हातात दिलं. तू एका फटक्यात ओवला. डोळे तुझे शेवटपर्यंत चांगले होते. मी म्हणलो, उष्टं आहे. तू बाटलीतून घोट घेतला आणि म्हणालीस, "जन्मभर तेच खाल्लं."

मंग मी मशीन सुरू केली.

त्याच्या पुढचं लिहायची मला भीती वाटते. म्हणून आधी मागचं लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलो, बिडकीनच्या अलीकडच्या गावात, मराठी शाळेत. आपण घरात दखनी बोलायचो, गिऱ्हाइकाशी मराठी आणि भांडताना दोन्ही. लिहिता येतं ते मराठीच. तुला वाचता येत नव्हतं. आता तुला ऐकायला येत असंल असं धरून चालतो.

गालाच्या आत ते आलं तवा आपण त्याला फोडच म्हणत राहिलो. नसीम माहेरी आली, तिनं टॉर्च लावून तुझ्या तोंडात पाहिलं आणि टॉर्च बंद केली. तिचा चेहरा पाहून मला कळलं. पोरीनं दुसऱ्याच दिवशी तुला दवाखान्यात नेलं. मिसरीमुळं झालं म्हणाले. तुझी आईबी दाताला मिसरी लावायची, ती म्हातारी होऊन मेली. जाऊ दे. आधी ऑपरेशन झालं, गालाचा तुकडा काढला, आणि जखम भरल्यावर किरणांचा लाईट द्यायचं ठरलं. आपण लाईटच म्हणायचो. तिथं बाकावर बसलेले सगळे तेच म्हणायचे. आज कितवा लाईट, किती राहिले.

पहिल्या दिवशी त्यांनी तुझ्या तोंडाचं माप घेतलं. मी जन्मभर लोकांची मापं घेतली, छाती, कंबर, बाही, पण तोंडाचं माप घेताना कोणाला पाहिलं नव्हतं. गरम पाण्यातनं काढलेली पांढरी जाळी त्यांनी तुझ्या चेहऱ्यावर दाबून बसवली, ती थंड झाली आणि कडक झाली. रोज तीच जाळी तोंडावर चढवून टेबलाला खिट्ट्या लावायच्या, म्हणजे मान हलू नये. मंग सगळे बाहेर. जाड दार बंद. आत तू एकटी. पहिल्या दिवशी बाहेर आलीस तवा तुझ्या कपाळावर आणि गालावर जाळीची नक्षी उमटली होती. तू म्हणालीस, कबरीत असंच असणार. मी म्हणलो, गप बस, कबरीत मशीन नसते. तू हसली. मला हसू आलं नाय, कारण मलाबी तेच वाटलं होतं.

डॉक्टरीणबाईनं आधीच सांगितलं होतं, हे मी कबूल करतो. तिनं काय लपवलं नाय. कानापुढं आणि जबड्याखाली थुंकी तयार करणाऱ्या गाठी असतात, दोन्ही बाजूंनी. दुखणं तिथंच शेजारी आहे, म्हणून लाईट त्यांच्यावरबी पडणार. त्या करपतील. वर्षभरात थोडी ओल परत येईल, कोणाला जास्त येते, कोणाला येतच नाय. मी मान हलवली. मनात म्हणलो, जीव वाचत असंल तर थुंकीचं काय घेऊन बसलात. थुंकीला काय किंमत. माणूस थुंकून टाकतो ती वस्तू.

ती काय वस्तू आहे ते मंग कळलं.

आधी चव गेली. तू म्हणालीस, तहारीच्या भातात मीठ नाय. मी चाखली तर मीठ बरोबर होतं. मंग थुंकी घट्ट झाली. सुताच्या तारेसारखी. तू बोटानं ओढून काढायचीस, आणि तोंड फिरवायचीस मी पाहू नये म्हणून. मंग तीबी संपली. जीभ लाल, मधी चिरा पडलेली, आमच्या गावच्या तळ्याचा तळ एप्रिलात दिसायचा तशी. मीठ आणि सोडा टाकलेल्या पाण्यानं गुळण्या करायच्या. बाटली कायम जवळ. घोट घ्यायचा तर लहान, ओठ आणि जीभ भिजंल इतकाच. आपल्याकडं नळाला आठवड्यातनं एकदा पाणी, आणि त्यात तुला दिवसभर घोट घोट. मी तुझ्यापुरता एक माठ येगळा ठेवला. त्यात कोणी पेला बुडवला की मी ओरडायचो. पाहुण्यांवरबी ओरडलो. तुला लाज वाटायची.

डॉक्टरीणबाईनं एक गोळी दिली होती थुंकी सुटायला. ती घेतली की तुला दरदरून घाम यायचा, छाती धडधडायची, डोळ्यातनं पाणी यायचं. सगळीकडनं पाणी यायचं, तोंडात नाय. तू म्हणालीस, ह्या गोळीला पत्ता चुकीचा दिलाय. बाईबी हसली आणि गोळी बंद केली.

लाईट संपले. दुखणं गेलं. तपासणीला गेलो की बाई म्हणायची, छान आहे, साफ आहे. लोक म्हणायचे, जैबुन वाचली, अल्लाहचा शुक्र करा. मी शुक्र करायचो. पण जैबुन, मला खरं सांगायचं आहे. तुझं दुखणं होतं तवा मला जेवढी भीती वाटली नाय, तेवढी ते गेल्यावर वाटायला लागली. दुखण्याची भीती दवाखान्यातच राहायची. ही भीती ताटावर येऊन बसली.

बिडकीनला नसीमच्या दिराचं लग्न होतं. नान-खलिया होता. खलियाचा रस्सा तुला तिखट लागायचा, म्हणून नसीमनं येगळा, बिनमिरचीचा आणला. तू नानचा तुकडा त्यात बुडवला. रोज भाकरी दुधात कुस्करून खाणारी तू, लग्नाच्या दस्तरखानवर तुला चार बायांसारखं खावंसं वाटलं. त्यात काय चुकलं. पण तो नान. तो रस्सा पिऊन घेतो आणि पुन्हा कोरडा होतो. गळ्यात गेला आणि बसला. तू आवाज केला नाय. मी पुरुषांच्या बाजूला होतो, नसीमची किंकाळी आली, मी ताटं तुडवत तिकडं पळालो. तुझे डोळे बाहेर आलेले. मी तुला वाकवलं, पाठीत बुक्क्या घातल्या, बायकांसमोर, पाहुण्यांसमोर. तुकडा बाहेर पडला. तू किती तरी वेळ श्वास ओढत राहिलीस. आणि पहिला घोट घेतल्यावर काय म्हणालीस? म्हणालीस, "मेले असते तर लोक म्हणाले असते, हावरट होती, लग्नात खाता खाता गेली."

सगळे हसले. मला तवापासून जेवण गेलं नाय. तू घास घेतला की मी तुझा गळा पाहायचो. खाली गेला की माझा घास. तू चिडायचीस, म्हणायचीस, माझ्या तोंडाकडं पाहू नका, मी काय तमाशा आहे. मी पाहणं सोडलं नाय. तुला ठसका लागला की मी ताट सोडून उठायचो.

मंग तो दात. तू दोरा दातानं तोडायचीस, लहानपणापासूनची खोड. थुंकी नसली की दात सडतात, हे बाईनं सांगितलं होतं, दर वेळी तोंडात आरसा घालून पाहायची. एक दिवस तू दोरा तोडला आणि दोऱ्याबरोबर पुढचा दात तुटून मांडीवर पडला. खडूसारखा. तू तो उचलून पाहत बसलीस. आपल्या गल्लीच्या तोंडाशी दात काढणारा आहे, मी तुला तिकडंच नेत होतो, उरलेलं मूळ काढायला. नसीमनं फोनवरनं अडवलं. लाईट दिलेल्या जबड्याचा दात असा कुठंबी काढायचा नाय, हाड भरत नाय, सडत जातं. बाईनं तसं बजावून सांगितलं होतं आणि मी विसरलो होतो. मी तुला घेऊन माघारी फिरलो. त्या दिवशी मी कात्री फितीत ओवून तुझ्या गळ्यात अडकवली. तू म्हणालीस, लोक मंगळसूत्र घालतात, मला ह्यांनी कात्री घातली. शेजारच्या सुमनबाईला तू हे इतक्या वेळा सांगितलं की तीच पुढचं वाक्य म्हणायची.

आपलं एक भांडण राहिलं. रोज्याचं.

रमजान आला की तू पहाटे सहरीच्या जेवणाला उठायचीस आणि रोजा धरते म्हणायचीस. मी नाय म्हणायचो. दिवसभर पाण्याचा घोट नाय म्हणजे तुझी जीभ फुटली असती. इमामसाहेबानं सांगितलं, आजाऱ्याला माफ आहे, त्याच्या बदल्यात गरिबाला जेवू घाला. आपण जेवू घातलं. तुझं समाधान झालं नाय. तू मला म्हणालीस, "बाकीच्यांचं तोंड महिनाभर कोरडं, त्यांना सवाब, पुण्य. माझं बारा महिने कोरडं, त्याचं काय?" मी म्हणलो, अल्लाहला ठावं. तू म्हणालीस, म्हणजे तुम्हाला ठावं नाय. तीन रमजान हेच चाललं. कधी मी माठाला कुलूप लावायची धमकी दिली, कधी तू माझ्याशी बोलणं बंद केलं. तसंबी तू कमीच बोलायचीस आता. आधी दुकानात बाया ब्लाऊज शिवायला कमी आणि तुझ्याशी बोलायला जास्त यायच्या. लाईटनंतर तू बोलणं जपून खर्चायला लागलीस. आणि प्रत्येक वेळी बोलायच्या आधी टक् असा आवाज यायचा. टाळूला चिकटलेली जीभ सुटायचा आवाज. दुसऱ्या कोणाला ऐकू यायचा नाय. मला मशीनवर बसून पाठीमागनं ऐकू यायचा. टक् झालं की मी पाय थांबवायचो, कारण आता जैबुन काहीतरी बोलणार.

रोज्याच्या भांडणातनंच ते दुसरं निघालं. ह्या हिवाळ्यात. तू शर्टाला काज करत होतीस आणि एकदम म्हणालीस, अजी, एक पूछूं? मी म्हणलो पूछ. तू म्हणालीस, "आखरी वक्तात माझी जीभ चिकटली तर कलमा कसा निघंल?"

मी हसण्यावारी नेलं. म्हणलो, अजून लई वेळ आहे. तू हसली नाय. तू शर्ट बाजूला ठेवला, बाटली दूर सरकवली, आणि थोडा वेळ तशीच बसलीस तोंड सुकेपर्यंत. मंग पढायला लागलीस. ला इलाह. इथपर्यंत आलीस. आणि पुढं इल्लल्लाह म्हणायला जीभ उचलली, टाळूला लागली, आणि सुटली नाय. मी पाहिलं. ओठ उघडे, आतनं आवाज येतोय, शब्द नाय.

त्या कलम्यात सगळे ल आहेत, जैबुन. मी जन्मभर पढला, माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. दर ल ला जीभ वर जाऊन टेकते. ओली जीभ टेकते आणि सुटते. तुझी टेकायची आणि राहायची.

आणि तू मला सांगितलं तुला भीती कशाची वाटते ती. पहिल्या अर्ध्यात माणूस म्हणतो, कोणी खुदा नाय. दुसऱ्या अर्ध्यात म्हणतो, अल्लाहशिवाय. दोन्ही मिळून इमान. पहिल्यावर जीभ अडकली आणि श्वास तिथंच संपला तर? तर माणूस काय म्हणून गेला?

मी शिवणारा माणूस, मला काय कळतं. मी तडक मशिदीत गेलो, इमामसाहेबाला विचारलं. ते चांगले आहेत, त्यांनी मला बसवलं. म्हणाले, मुकी माणसंबी इमानानं जातात, अल्लाह दिलातलं ऐकतो, जिभेची सक्ती नाय. जवळच्यानं हळू आवाजात पढावं, ओठाला पाण्याचा थेंब लावावा, बस. मी घरी येऊन तुला सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलं. म्हणालीस, मुक्याला मुकं त्यानंच केलंय, त्याला ठावं आहे. मला तर जीभ आहे. मंग तू मला एकच सांगितलं, आणि ते मराठीत नाय सांगितलं. म्हणालीस, "पानी लेके पास रहो जी. बस इतना."

मी व्हय म्हणलो.

तवापासून मी तुला सोडून कुठं गेलो नाय. शुक्रवारी जुम्याच्या नमाजेला जायचो, तेवढंच. चिकलठाण्यातनं शहरात कापड आणायला जायचो, ते सुमनबाईच्या नवऱ्याला सांगायला लागलो. तो रंग चुकवून आणायचा, तरी त्यालाच पाठवायचो. तू आंघोळीला गेली की मी दाराबाहेर. तुला हे समजत होतं. तू कधी म्हणाली नाय की एवढं नका करू. तूबी घाबरलेली होतीस, जैबुन. आपण दोघं एका बाटलीच्या आजूबाजूला राहायचो.

आता ती दुपार.

मी मशीन सुरू केली. शर्टाची बाजूची शिलाई होती, काखेपासून खालपर्यंत, एक लांब. तुला ठावं आहे, मी शिलाई मधी सोडत नाय. माझ्या उस्तादानं मारून शिकवलं होतं. मधी थांबलं की जोड दिसतो, टाका ढिला पडतो, धुतल्यावर तिथनंच उसवतं. एकदा पाय ठेवला की टोकाला जाऊनच उचलायचा.

शिलाईच्या मधी मला टक् ऐकू आलं.

लाईटपासनं रोज ऐकलेला तो आवाज मी ओळखतो. पण तू बटण लावत होतीस. बटणाला सुई लागली तरी टक्च होतं. दिवसातनं कितीदा होतं. मी कान दिला. पुढं तू काय बोलली नाय. किंवा बोलली असशील आणि मशीनच्या आवाजात मला आलं नसंल. शिलाई थोडी राहिली होती. मी टोकाला गेलो, दोरा तोडला, शर्ट काढून झटकला आणि वळलो.

तुझी मान खांद्यावर आलेली. सुई बटणाच्या भोकात, दोरा अर्धा ओढलेला. ओठ जरा उघडे. बाटली गुडघ्याजवळ होती, तुझ्या हाताला लागंल इतकी जवळ, आणि तिचं झाकण बंद होतं.

मी तुझ्या तोंडात पाणी घातलं, ते गालावरनं खाली गेलं. मी तुझ्या कानात पढलो, मोठ्यानं पढलो, सुमनबाई भिंतीपलीकडनं पळत आली इतक्या मोठ्यानं. शेजारच्या गल्लीतला डॉक्टर आला, त्यानं छातीला नळी लावली, म्हणाला हार्ट. काही त्रास झाला नसंल म्हणाला. एवढी वर्षं मी तुझ्या गळ्यावर पहारा केला, आणि मौत दुसऱ्याच दारानं आली. मी डॉक्टरला विचारलं, शेवटी बोलता येतं का माणसाला? किती वेळ मिळतो? त्याला वाटलं, म्हातारा हललाय.

मंग बाया आल्या आणि त्यांनी मला बाजूला केलं. आपल्यात बायको गेली की नवरा पाहू शकतो, हात लावू शकत नाय. निकाह तुटला म्हणतात. एका शिलाईच्या आत. मला तुझं तोंड उघडून पाहायचं होतं. येडेपणा आहे, मला ठावं आहे. पण मला वाटत होतं की तुझी जीभ कुठं आहे ते दिसलं तर कळंल. टाळूला असंल तर अडकली. खाली असंल तर सुटली, म्हणजे तू पूर्ण पढलीस. मी नसीमला सांगणार होतो, तू पाहा. पोरीचं तोंड पाहिलं आणि गप बसलो.

तुला नहाण शकीलाआपानं घातलं. आपल्या मोहल्ल्यातल्या बायांना तीच घालते, तुझ्या सासूलाबी तिनंच घातलं होतं. पडद्याच्या आत ती, नसीम आणि आणखी एक बाई. मी बाहेर बसून कफन कापलं. बाकीचे म्हणत होते, कोणीबी कापंल, तुम्ही राहू द्या. मी ऐकलं नाय. त्याला मशीन लावायची नसते. मी आपल्या लग्नापासनं तुझा प्रत्येक कपडा शिवला, आणि शेवटच्याला टाका नाय. आतनं पाणी ओतल्याचा आवाज येत होता. ओल्या कापसानं दात आणि ओठ पुसतात, मला ठावं आहे. म्हणजे शकीलाआपाचं बोट तुझ्या तोंडाशी गेलं होतं. तिनं पाहिलं होतं. जगात ती एकटीच, जिनं पाहिलं होतं.

सांजेला मगरिबच्या नमाजेनंतर तुला माती दिली. मीबी तीन मुठी टाकल्या. सगळे परत फिरले तवा मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाय, तुला सांगतो. म्हणतात ना, लोक चाळीस पावलं दूर गेले की फरिश्ते येतात आणि विचारतात, तुझा रब कोण? मी पावलं टाकत होतो आणि मनात म्हणत होतो, तिला आता बोलायला लागंल. तिथं बाटली नाय. मी मुद्दाम हळू चाललो. जावई म्हणाला, अब्बा, थकलात का? मी म्हणलो, व्हय, थकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फजरची नमाज झाली आणि मी घरी न जाता सरळ शकीलाआपाच्या दारात गेलो. तिच्या गल्लीत त्या दिवशी नळ आला होता. सगळ्या दारांत पाईप, ड्रम, बायांचा गलका. ती ड्रममधी पाईप धरून उभी होती, साडीचा पदर खोचून. मी सलाम केला. म्हणलो, आपा, एक विचारायचं आहे. काल तिला नहाण घालताना.

तिनं मला पुढं बोलू दिलं नाय. म्हणाली, "भाई, जे दिसतं ते मी तिथंच धुवून टाकते. घरी आणत नाय."

मी म्हणलो, वाईट लपवायचं असतं, मला ठावं आहे. चांगलं असंल तर सांगता येतं ना.

ती पाईपकडं पाहत म्हणाली, "चांगलं सांगायला लागले तर ज्याचं नाय सांगितलं तो घाबरंल. म्हणून मी कोणाचंच सांगत नाय. माझ्या सख्ख्या बहिणीचं तिच्या पोरांना नाय सांगितलं."

मी तिथंच उभा राहिलो. मी एवढंच म्हणलो की तिचं तोंड लाईटनं कोरडं झालं होतं, तिला भीती होती की कलमा अर्ध्यात राहील, आणि माझी मशीन चालू होती. एवढं बोलताना माझी जीभ टाळूला लागायला लागली. शकीलाआपानं सगळं ऐकलं. तिचे ओठ हलले, मला वाटलं आता सांगणार. तिनं पाईप पहिल्या ड्रममधनं काढून दुसऱ्यात टाकला. मंग म्हणाली, नळ जाईपर्यंत मी इथंच आहे, तुम्हीबी बसा. घरी जाऊन त्या सतरंजीकडं पाहत बसू नका. तिच्यासाठी पढा काहीतरी.

मी तिच्या पायरीवर बसलो. काय पढावं ते सुचंना. मेलेल्यासाठी यासीन पढतात, ती मला पूर्ण येत नाय. मंग मी कलम्याचा दुसरा अर्धा पढायला लागलो. फक्त दुसरा. इल्लल्लाह. इल्लल्लाह. पहिला तू म्हणाली असशील, तो तुझा. कुठं थांबलीस मला ठावं नाय, म्हणून तुझ्या थांबण्याच्या पुढचं मी म्हणायला लागलो, एक संपला की लगेच दुसरा, मधी जागा न सोडता. चुकून एखादा तरी तुझ्या बरोबर जागेवर जाऊन लागावा म्हणून.

गल्लीतल्या बाया माझ्याकडं पाहत होत्या. ऊन पायरीवर आलं. तोंडातली ओल गेली, ल जड व्हायला लागला. शकीलाआपानं पेला भरून माझ्यापुढं ठेवला. मी घेतला नाय. पाणी प्यायला थांबावं लागलं असतं. ड्रम भरला, नळ गेला, तिनं पाईप गुंडाळून खिळ्याला अडकवला आणि दार लोटून घेतलं. मी म्हणत राहिलो.